दौलतरावांचा अंगठा

"दिव्या, काचेच्या पलीकडे जा बघू. तुझं तोंड बघूनच काकांना कळतं, बोट बरोबर पडलं का चुकलं," निरंजन म्हणाला.

दिव्या पलीकडे गेली. तिथून तिला दौलतरावांची पाठ आणि पांढरी टोपी तेवढी दिसत होती.

तळवड्यातल्या त्या लहानशा ऑफिसात वेबसाइट बनत. साइट कितीही देखणी असो, दौलतरावांचा अंगठा उठल्याशिवाय ती दाराबाहेर पडत नसे. दौलतराव महाळुंग्याचे, सत्तरीला टेकलेले, अर्धी हयात फाउंड्रीत गेलेली. शाळेची पायरी कधी चढले नाहीत, आणि म्हणूनच निरंजनने त्यांना कामावर ठेवलं होतं. न वाचणाऱ्या माणसालाही साइट वापरता येते का, हे वाचणारा कसं सांगणार?

आठवड्यातून तीन दिवस ते येत. मोबाइल, टॅब आणि कोपऱ्यातला जुनाट कम्प्युटर, तिन्हींवर एकट्याने काम पार पाडत. कुणी बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. जमलं, तर अहवालाच्या चौकटीत जांभळ्या शाईचा अंगठा. नाही जमलं, तर हात मांडीवर. "हितं वाट न्हाई," एवढंच.

या कामाचा त्यांना भारी तोरा होता. पारावर सांगत, "इंजिनेर लोक माज्या अंगठ्याची वाट बघत्यात."

दिव्याची साइट कामगारांच्या आरोग्य केंद्राची होती. डोळा, दात, कान अशी चित्रं दाबून घरबसल्या त्या त्या डॉक्टरचा नंबर लावायचा. तीन वेळा ती काकांपुढे आपटली होती. एकदा मोबाइलवर बटणच पडद्याखाली घसरलं. एकदा जुन्या कम्प्युटरवर चित्रं एकमेकांच्या डोक्यावर बसली. मग तिने साइटला बोलतं केलं. जो शब्द बोलला जाईल तो पिवळा होऊन उजळायचा. तेव्हा काका म्हणाले, "मशिनीपाशी उभा ऱ्हायलेला गडी ऐकंल काय, कप्पाळ?" तेव्हापासून कम्प्युटरवरची फेरी आवाज बंद करून व्हायची.

पण ती पिवळी अक्षरं काकांना आवडली होती. काम संपलं तरी पुन्हा पुन्हा लावून ऐकत बसायचे.

"काका, पुरे की आता!"

"ऱ्हाऊ दे पोरी. ग्वाड वाटतंय."

आजची फेरी शेवटची. सोमवारपर्यंत साइट मिळाली नाही तर केंद्र पुन्हा कागदी फॉर्म वाटणार होतं. कागदी फॉर्म म्हटलं की दिव्याला तिचे वडील, धोंडीबा, आठवत. हातात फॉर्म धरून रांगेतल्या पोरासोरांना विनवणारे, "भाऊ, एवढं भरून द्या." कुणी भरून देई, कुणी हसे. वडील गेले, तो फॉर्म तिच्या डोळ्यांपुढून गेला नाही.

सकाळी काकांची नेहमीची बस आलीच नव्हती. तरी ते वेळेवर हजर.

"दुसरी घावली," म्हणाले.

चहा पिताना दिव्याच्या शेजारी बसणाऱ्या प्रितमने त्यांची फिरकी घेतली. "काका, या वयात शाळेबिळेत जाऊ नका हां. शिकलात तर आमचं कसं व्हायचं?"

"शिकलो, तर ठिवनार न्हाई व्हय मला?"

"मग कशाला ठेवू? वाचणारे इथं ढिगानं पडलेत, राव!"

सगळे हसले. काकाही हसले आणि बशीतला चहा फुंकत बसले.

आता काचेपलीकडे मोबाइलची फेरी झाली. निरंजनने एक बोट वर केलं. टॅब झाला, दोन बोटं. दिव्याने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. काका कोपऱ्यातल्या जुन्या कम्प्युटरपुढे सरकले, तसा त्यांचा एक गाल दिसू लागला. तिथे त्यांना वेळ लागला. मान जराशी पुढे गेली, गाल हलू लागला. देवाचं नाव घेत असतील, दिव्याला वाटलं. तिनेही घेतलं.

मग माउसची टिचकी वाजली. पडद्यावर हिरवी खूण उमटली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे दौलतरावांचा नंबर लागला होता.

"तिन्ही!" निरंजन ओरडला आणि केंद्राला फोन लावायला धावला.

प्रितमने पेढे मागवले. दिव्या खुर्चीत बसली ती हलेचना. ज्याच्या हातात फॉर्म कायम उलटा असायचा त्या माणसाची पोर ती. आज तिने बनवलेल्या रस्त्यावरून एक अंगठेवाला कुणालाही न विनवता आरपार गेला होता. वडील असते तर गल्लीभर सांगत सुटले असते.

ती बाहेर आली तेव्हा काका चपला घालत होते.

"काका, पेढा तरी!"

"बस चुकंल गं." त्यांनी पेढा टोपीच्या घडीत ठेवला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लई झ्याक काम केलंस, पोरी. तुजं उपकार हायेत."

"माझे कसले? तुमचेच माझ्यावर."

ते नुसते हसले आणि जिना उतरून गेले. ताठ चालत होते.

निरंजन टेबलावर पेन शोधत होता. "आत्ता इथं होतं." पेन अहवालाखाली सापडलं. अहवालाची चार घड्यांची पुडी काकांनी करून ठेवली होती. निरंजनने ती दिव्यापुढे धरली. "तूच उघड. मान तुझा."

तिने घड्या उलगडल्या. हा अंगठा ती चौकटीत बसवून वडिलांच्या फोटोशेजारी लावणार होती.

अंगठा नव्हता. शाईच्या पॅडचं झाकणही उघडलेलं नव्हतं. अंगठ्याच्या चौकटीत, रेघेवरून घसरणारी, डोक्यावर रेघ नसलेली मोठी मोठी अक्षरं होती:

"कंपुटर वर डोळयाच चित्र आल नाई. तित नुसत डोळे लिवल होत. मी वाचल. नापास. आता दुसरा आडानी बगा. दौलत भिवा."