दहापैकी किती?

काचीगुड्याच्या मालनबाईंच्या कॅन्सरवर आता इलाज उरला नव्हता; दुखणं तेवढं कमी करायचं होतं. त्यासाठी रोशनी सिस्टर दर सोमवारी घरी येऊन विचारायची, “आजी, दहापैकी किती दुखतंय?”

“दोनच.”

मग त्यांचा मुलगा पेजर बघायचा आणि “ऑफिसातून मेसेज आहे, बूथवरून फोन करून येतो,” म्हणत बाहेर पडायचा. तो गेला की आजी कुजबुजायच्या, “नऊ. त्याला सांगू नको, लेकरू परेशान होतंय.”

आईचे शेवटचे दिवस, आणि याला ऑफिस सुटेना! रोशनीला त्याची चीड यायची.

आज ती खाली उतरली, तर तो जिन्यातच बसलेला, पेजर हातात.

“फोन नाही केला?”

“याचे सेल महिन्यापूर्वीच संपलेत, सिस्टर. आज किती म्हणाली?”