आजींची साक्ष

"मुलीचा ताबा आईला द्यायचा नसेल, तर ती वाईट आहे हे सिद्ध करावंच लागतं का हो?" आजींनी विचारलं.

कौटुंबिक न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत ताई लाकडी ठोकळे डब्यात भरत होत्या. "तसं काही नाही," त्या म्हणाल्या. "मुलीचं हित कशात आहे, एवढंच बघतात."

"मग बरं झालं. कारण ती वाईट नाहीच मुळी."

ताईंचा हात डब्यातच राहिला. अठरा वर्षं त्या ही खोली सांभाळत होत्या. नवरा-बायको वरच्या मजल्यावर भांडायचे आणि मुलं इथे खाली चित्रं रंगवायची. सासवा तर त्यांनी ढिगानं पाहिल्या होत्या. सुनेचा विषय निघाला की एकेकीच्या तोंडाचा पट्टा असा सुटायचा, की शिपायाला मध्ये पडावं लागायचं. ही बाई वेगळीच होती.

दर शनिवारी आजी नातीला घेऊन यायच्या. नात आठ वर्षांची, बोलताना अडखळणारी. तिची आई पाच तास प्रवास करून मुलीला भेटायला यायची. दोन वर्षांपूर्वी मोठी नोकरी धरून ती दुसऱ्या शहरात गेली होती आणि आता मुलीलाही तिकडेच न्यायचं म्हणत होती. आजी समोर दिसल्या की मान फिरवून आत शिरायची. आजी बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या.

"वाळलीय," एकदा त्या पुटपुटल्या. "जेवणाखाण्याची हयगय करते. सवयच आहे तिची."

कायद्याच्या शंका मात्र त्या नेटानं विचारायच्या. "मुलगी बापाकडे राहिली, तर कमावत्या आईकडून खर्च मागता येतो?"

"येतो की."

"मागायचा नाही, असं मी त्याला बजावलंय. आणि आईला भेटी जास्तीत जास्त किती मिळतात?"

ताईंना हसू आलं. "आजी, लोक 'कमीत कमी किती' असं विचारतात!"

तेवढ्यात मुलीचे वडील आले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. मुलीची शाळा सांभाळता यावी म्हणून त्यांनी बाहेरगावची कामं सोडली होती. हाताला ग्रीसचा वास, पण नखं घासून स्वच्छ. "आई, तुम्ही कधीच्या बसलायत. चहा आणू?"

एवढा बाप्या, पण आईला कसं अहो-जाहो करतो, ताईंना वाटलं. घरचं वळणच चांगलं.

मग मुलगी त्यांना काहीतरी सांगायला लागली. पहिल्याच शब्दावर गाडी अडली. वडील गुडघ्यांवर बसले आणि थांबले. ना "हं, हं" केलं, ना घड्याळ पाहिलं. मिनिटभरानं वाक्य पुरं झालं तेव्हा म्हणाले, "अरे वा! मग पुढे?"

साक्षीच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी शनिवारच्या भेटींचा अहवाल मागवला होता. तो घेऊन ताई वर गेल्या तेव्हा आजींची साक्ष अर्ध्यावर आली होती. आजी पिंजऱ्यात कठडा धरून उभ्या होत्या. आईचा वकील उलटतपासणी घेत होता.

"तुम्ही राहता त्याच्या घरात?"

"हो."

"जेवताखाता तिथेच?"

"स्वयंपाक मी करते. पण हो, तिथेच."

"मग बोलणार त्याच्याच बाजूनं!"

"मी पोरीच्या बाजूनं बोलतेय," आजी म्हणाल्या. आवाज चढला नाही. "आईचं तिच्यावर जीवापाड प्रेम आहे. पण पोर अडखळली की आईला बघवत नाही. ती घाईनं तिचं वाक्य पुरं करते. बाप थांबतो. बाईसाहेब, आईला भेटून आली की पोर दोन-दोन दिवस बोलतच नाही. बापाजवळ बोलते. अडखळते, पण बोलते."

मग त्या न्यायाधीशबाईंना म्हणाल्या, "दोष द्यायला नाही आले मी. सुट्ट्या सगळ्या आईला द्या. पण घर तिला बापाचं असू द्या."

आईच्या बाकावर कुणीतरी हुंदका दाबला. आजींनी तिकडे पाहिलं नाही. कठड्यावरची बोटं तेवढी पांढरी पडली होती.

महिन्याभरानं निकाल लागला. घटस्फोट मंजूर झाला. मुलीचा ताबा वडिलांना, मोठ्या सुट्ट्या आणि महिन्याचे दोन शनिवार-रविवार आईला. खर्च कुणी मागितला नव्हता.

वडील कागदांवर सह्या करायला आत थांबले. मुलगी खालच्या खोलीत चित्र काढत होती. आजी एकट्याच जिन्यापाशी उभ्या होत्या. पोटचं कुणी जिंकलं की माणसं हरखून जातात. आजींच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. स्वतःच्या माणसासाठीही शब्द तोलून बोलणारी, समोरच्या बाईच्या सुट्ट्या स्वतः मागणारी ही आजी ताईंना त्या सबंध इमारतीत सगळ्यांत मोठी वाटली.

एवढ्यात मुलीची आई तरातरा बाहेर आली. डोळे लाल, पदर खांद्यावरून घसरलेला. ती सरळ आजींकडेच निघाली. आता हिच्या रागाचा भडका उडणार, हे ताईंनी ओळखलं. त्या लगबगीनं दोघींच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "बाई, जे काही बोलायचं ते वकिलाशी बोला. त्यांचं वय बघा."

"सरा तुम्ही, ताई," मागून आजी म्हणाल्या. "बोलू द्या तिला."

पण तिला बोलताच येईना. आजींनी हात पुढे करून तिचा घसरलेला पदर खांद्यावर नीट केला, आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

"आई गं," शेवटी ती म्हणाली, "तुझ्या पोटची मी आहे. तो नाही."