शिखरांकडची खोली

"आईंना सांगायचं कुणी?" सुनेने विचारलं.

वॉशिंग मशीन धडधडत होतं म्हणून बरं. या घरातली सगळी खलबतं हल्ली बाल्कनीत, मशीन लावूनच चालत. धुतलेले कपडेही त्यापायी पुन्हा धुऊन निघत.

"खरं सांगायचंच कशाला?" मुलगा म्हणाला. "मी म्हणतो, कंपनीचं ट्रेनिंग आहे. तू म्हण, बहिणीकडे जाते."

"खोटं बोलायचं?"

"मग सांग खरं. तिचा चेहरा जरा पडला की तूच म्हणशील, चला आई तुम्हीपण."

सून कपड्यांचे चिमटे मोजू लागली. ती तसं नक्की म्हणाली असती.

दोघांनीच डोंगरात जायचं हे खूळ शिरलं ते कॅलेंडरमुळे. ती दवाखान्यात रिसेप्शनला बसायची, तिथे एका पेशंटने ते दिलं होतं. स्वयंपाकघरात लटकवलेलं. त्यातल्या एका पानावर बर्फाच्या शिखरांखाली एक चिमुकलं गाव होतं. उतरत्या छपरांची घरं, निळं तळं, खाली तिथल्या एकुलत्या एक गेस्टहाऊसचा नंबर आणि रानफुलं कोणत्या आठवड्यात फुलतात त्याच्या तारखा. महिने सरले तरी सासूबाई ते पान उलटायला विसरत होत्या. वय झालं की असं होणारच, असं म्हणून सूनही ते उलटत नव्हती. भांडी घासताना बघायला बरं वाटायचं.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठे कुणी अडकलं की भरल्या ताटावरून उठायचा. तो घरी यायचा तेव्हा ती निघालेली असायची. "या उन्हाळ्यात गेलो नाही ना," ती एकदा म्हणाली होती, "तर आपण नवरा-बायको उरणार नाही. एका घरातले दोन भाडेकरू होऊ." ते त्याच्या फार जिव्हारी लागलं, कारण खोटं नव्हतं.

पण गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं, फुलांच्या आठवड्यात सगळं भरलंय. शिखरांकडची खोली तर हिवाळ्यातच गेली. कुणी रद्द केली तर कळवीन. तेव्हापासून सून फोन न्हाणीघरातसुद्धा घेऊन जायची. वाजला की दचकायची, नाही वाजला की चिडायची.

आणि समजा, खोली मिळालीच, तर कुत्र्याचं काय? ते म्हातारं कुत्रं औषधाची गोळी फक्त आईच्या हातून घ्यायचं. दुसऱ्या कुणी दिली तर गालात धरून सोफ्यामागे नेऊन टाकायचं. अलीकडे आई रोज मुलाला म्हणायची, "आज तू देऊन बघ." तो देऊन बघायचा. गोळी सोफ्यामागे.

आईला सोबत न्यायचा प्रश्नच नव्हता. मागे समुद्रावर नेलं होतं, तर दुसऱ्याच दिवशी ती घरी चला म्हणून मागे लागली. तिला प्रवास मानवत नाही, हे तेव्हाच दोघांनी ठरवून टाकलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

दार उघडलं. आई धापा टाकत आत आली. बिल्डिंगमध्ये यावरून सगळे मुलाची चेष्टा करायचे. लिफ्टवाल्याची आई आणि जिने पायी चढते, दिव्याखाली अंधार! ती म्हणायची, वापरले नाहीत की गुडघे गंजतात.

"आई," मुलगा घाईघाईने म्हणाला, "पुढच्या महिन्यात माझं ट्रेनिंग आहे. बाहेरगावी. आठवडाभर."

"पुढच्या महिन्यात कधी?"

त्याने तारखा सांगितल्या.

आईने चपला काढता काढता भिंतीला हात टेकला. "जरा पुढे-मागे नाही का होणार?"

"कंपनी काय माझ्या मामाची आहे?"

"आणि ही असेल ना घरी?"

"मी तेवढ्यात बहिणीकडे जाऊन येईन म्हणते," सून कपड्यांच्या बादलीकडे बघत म्हणाली. "तिला बरं नाहीये."

बहीण ठणठणीत होती. एका खोट्याला दुसरं लागतंच.

आई खुर्चीवर टेकली. कुत्रं येऊन तिच्या पायाशी बसलं, ती त्याच्या कानामागे खाजवत राहिली. "म्हणजे घरी मीच," ती म्हणाली.

"का गं? तुला कुठे जायचं होतं का?" मुलगा हसला.

"मला मेलीला कुठे जायचंय?" तीही हसली. "जा तुम्ही. कामं महत्त्वाची."

इतक्या सहज सुटका होईल असं त्याला वाटलं नव्हतं. तरी रात्रभर त्याला स्वतःची लाज वाटत राहिली. आई रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आई कुत्र्याला फिरवायला गेली तेव्हा तो बायकोला म्हणाला, "खरं सांगून टाकू या का? तिलाही नेऊ."

"आधी खोली तर मिळू दे," ती म्हणाली. पण तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. तिने ओल्या हातानेच स्पीकर लावला.

"नशीब काढलंत!" मालकीणबाई म्हणाल्या. "शिखरांकडचीच खोली रिकामी झाली. फुलांचा आठवडा, तुम्हाला हव्या त्याच तारखा."

"देव पावला!" सुनेने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. "पण ती तर हिवाळ्यातच गेली होती ना?"

"हो ना. एक आजी एकट्याच येणार होत्या. तळ्यावरचा बर्फ वितळला का, म्हणून सारख्या फोन करायच्या. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी रस्त्यावरूनच बोलल्या. मुलगा ट्रेनिंगला चाललाय, सून आजारी बहिणीकडे, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला औषध द्यायला घरात दुसरं कुणी नाही म्हणाल्या."