मोकळी जागा

हर्षित दुसरीत आहे. वर्गात तो पाच मिनिटं एका जागी बसत नाही. शेवटी शाळेने हात टेकले आणि पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा म्हणून सांगितलं. तेव्हा प्रितम आणि रुपाली पोराला घेऊन घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरमधल्या डॉक्टरांकडे गेले. कारणं दोघांनी घरूनच ठरवून आणलेली. प्रितमच्या मते मोबाइल आणि चॉकलेटं, रुपालीच्या मते सासरचं रक्त. आजीने तर निघतानाच दृष्ट काढलेली.

डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात हर्षितने वजनकाटा उलटा केला आणि खिडकीचा पडदा ओढून खाली पाडला.

"कारणं बरीच असू शकतात, तपासून बघू," मॅडम म्हणाल्या. "पण आधी सांगा, हा खेळतो कुठे?"

"हॉलमध्येच. बाराव्या मजल्यावर राहतो ना आम्ही," रुपाली म्हणाली.

"अहो, या वयात पोरांना रोज मनसोक्त धावायला लागतं. जवळपास मोकळी जागा नाही का?"

"होती ना!" प्रितमची छाती फुगली. "आमच्या आज्याची भातशेती. लहानपणी मी दिवसभर तिथेच हुंदडायचो. हा टॉवर, तुमचं क्लिनिक, खालचं पार्किंग, सगळं तिच्यावरच तर उभंय."

"मग विकलीत कशाला?"



"असं काय करता मॅडम? विकली म्हणून तर तुमची फी परवडते!"