तलावातली जलपर्णी

तलावातली जलपर्णी वाळवून गावासाठी वीज तयार व्हायला लागली, तेव्हा वहिनीने शिलाईचं चांगलं चाललेलं दुकान बंद करून त्या प्रकल्पात काम धरलं. ओल्या ढिगातून दगड आणि प्लास्टिक वेचायचं. मीही तिथेच कामाला होते, पण सरकत्या पट्ट्याच्या तोंडाशी ती मलासुद्धा बसू देत नसे.

दादा परदेशी कामाला गेला, हे चार वर्षांपूर्वी तिनेच आम्हाला सांगितलं होतं. त्यानंतर त्याचा एक फोनही नाही.

आज ती पाणी प्यायला उठली, म्हणून मी तिच्या जागी बसले. चिखलाने माखलेल्या मुळांच्या गुंत्यात दादाचं चांदीचं कडं माझ्या हाताला लागलं.

"वहिनी!" मी ओरडले.

ती सावकाश ओठ पुसत आली. माझ्या मुठीकडे बघून तिने हळूच विचारलं, "फक्त कडंच सापडलं ना?"