जुनी द्या, नवी घ्या

"सहा जुन्या आणल्यात. सहा नव्या द्या," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी टेबलावर ठेवली. आत वापरलेल्या सुया होत्या.

सुनीतीनं त्या मोजल्या. "आणि बद्रीनाथ कधी येणार?"

"यायचा तेव्हा येईल. मी काय त्याला कडेवर घेऊन येऊ?"

बुधवार पेठेतल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर सुनीतीचं हे केंद्र होतं. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांवर इथं कुणी खेकसत नसे. जुनी सुई आणून द्यायची, नवी न्यायची. नशा सुटेल तेव्हा सुटेल, पण तोवर दुसऱ्याची सुई टोचून एचआयव्ही ओढवून घेऊ नका, एवढंच सुनीतीचं म्हणणं. खालचे दुकानदार हसत. "वा! आता दारुड्यांना चकणाही वाटा," म्हणत. सुनीती ऐकून सोडून देई.

नियम मात्र कडक होता. सुया द्यायच्या त्या घेणाऱ्याच्या हातात, नाहीतर त्याच्या घरच्या माणसाच्या. म्हणून पाच महिन्यांपूर्वी, पहिल्याच दिवशी, सुनीतीनं विचारलं होतं, "आपण आई का बद्रीनाथच्या?"

"लिहा," सरोजिनीबाई म्हणाल्या होत्या.

निवृत्त शिक्षिका, इस्त्रीची सुती साडी, आणि पेठेतली जीभ. सुनीतीला त्यांचं कौतुक वाटे, आणि कधीकधी भयंकर रागही येई. मुलाबद्दल एक धड उत्तर मिळेल तर शपथ! लहानपणी कसा होता? "त्यालाच विचारा." तुम्हाला कळलं कधी? "अंगाशी आलं तेव्हा."

त्या सोमवारी मात्र सुनीतीनं त्यांना समोर बसवलं.

"नशेऐवजी आम्ही गोळी देतो ना, तिची एक जागा मोकळी झालीय. रोज इथं यायचं, नर्ससमोर जिभेखाली ठेवायची. तलफ आटोक्यात येते, इंजेक्शन लागत नाही, माणूस कामाला जाऊ शकतो. डॉक्टर शनिवारपर्यंत थांबतील. पण तो स्वतः यायला हवा."

सरोजिनीबाईंनी या वेळी टोमणा मारला नाही. "त्याच्या सोबतचा एक गेला हो मागच्या आठवड्यात," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षांचा होता. हा तरी राहू दे."

मंगळवार गेला, बुधवार गेला. शुक्रवारी तर बाई सुया न्यायलाही आल्या नाहीत. सुनीतीनं आशा सोडली.

शनिवारी दुपारी बाराला जिन्यात आवाज आला. "चढ! दहाच पायऱ्या राहिल्यात. हिमालय नाहीये हा."

बद्रीनाथ तिशीच्या आतबाहेरचा होता. कधीकाळी खराडीतल्या कॉल सेंटरमध्ये कामाला होता म्हणे. आता शर्ट अंगावर लोंबत होता, नाक गळत होतं. पहिल्या गोळीआधी दिवसभर काही टोचायचं नाही, असा डॉक्टरांचा निरोप होता; आदल्या दिवसापासून त्यानं काहीच घेतलं नव्हतं, त्यामुळे हातपाय कापत होते. सरोजिनीबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली.

आधी रक्ताची तपासणी. वीस मिनिटं. सरोजिनीबाई भिंतीवरचं तेच पोस्टर पुन्हा पुन्हा वाचत बसल्या. पाच महिने इतक्या सुया वाहून नेल्या, पण त्याआधी तो कुणाकुणाची सुई वापरत होता, ते देवालाच ठाऊक.

नर्स रतन कागद घेऊन बाहेर आली. "काही नाही. एचआयव्ही नाही, काविळीचंही काही नाही."

सरोजिनीबाई पदर तोंडाला लावून सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडल्या. मग एकदम सावरल्या. "अगं बाई, बघता काय सगळे? गोळी द्या ना त्याला!"

रतननं गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली. "विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही."

"एवढा वेळ गप्प बसायचं? मला नाही जमायचं बाई," असं म्हणत सरोजिनीबाई सगळ्यांसाठी चहा सांगायला खाली गेल्या.

पुढं वीसेक मिनिटांत बद्रीनाथची थरथर कमी झाली. सुनीतीकडे पाहून तो बारीकसं हसला. तिनं नोंदणीचा कागद पुढं ओढला.

"खराडीला परत विचारून बघा नोकरीचं. आम्ही पत्र देऊ," ती म्हणाली. "आणि फार केलं हं आईनं तुमच्यासाठी. आता त्यांना त्रास देऊ नका."

"आई?" तो म्हणाला. "माझी आई जालन्याला असते. इंदुबाई. तिला यातलं काहीच माहीत नाही."

सुनीतीचं पेन थांबलं. "मग या कोण?"

त्यानं जिन्याकडे पाहिलं. चहाचे ग्लास घेऊन कुणीतरी वर येत होतं.

"मी यांच्या गळ्यातली साखळी ओढली होती, मॅडम. त्या पडल्या, हात मोडला त्यांचा. पुढं मला पकडलं, येरवड्याच्या जेलात ओळखपरेड झाली. माझ्यासमोर येऊन थांबल्या, माझ्या दंडावरच्या सुयांच्या खुणा बघत राहिल्या. आणि साहेबांना म्हणाल्या, यांत तो नाही."