कापडाखालचा हात

कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर लावून फिरण्यात जालिंदरअण्णांचा फायदा एकच होता: गावात त्यांना कुणी उलट बोलत नसे.

त्या सकाळी ते भानुदासच्या सलूनमध्ये गळ्यापर्यंत कापड पांघरून दाढीला बसले होते. आरशात त्यांना कोयतेवाला आत शिरताना दिसला.

"म्हाताऱ्या, गळ्यातली साखळी दे!"

भानुदासचा वस्तरा अण्णांच्या गळ्यावर थबकला. बाकावरचे दोघे आशेने बघू लागले, आता अण्णा ह्याला उडवणार! कापडाखाली अण्णांचा हात रिव्हॉल्व्हरपर्यंत पोचला, पण तिथंच लटलट कापू लागला. थरथरणाऱ्या कापडाकडे भानुदास बघतोय, हे त्यांना आरशात दिसलं. वस्तरा न हलवता त्याने मोकळ्या हाताने अण्णांची साखळी ओढली आणि देऊन टाकली.

चोर पळाल्यावर बाकाला कंठ फुटला. "अण्णा, काढायचं होतं की!"

"कसं काढतील?" भानुदास म्हणाला. "मी भेदरलो, वस्तरा त्यांच्या गळ्यावरच राहिला."

"तेच तर!" अण्णा म्हणाले.

महिन्याभरात अण्णांनी नवी साखळी केली. भित्रा म्हणून नाव भानुदासचं पडलं, आणि अण्णा दाढीला दुसरीकडे जाऊ लागले.